क्लासिक स्पोर्ट्स मोटारीचा जीर्णोद्धार (छंद)

क्लासिक स्पोर्ट्स मोटारीचा जीर्णोद्धार म्हणजे उत्पादन बंद झालेली जुनी स्पोर्ट्स मोटार मालकाने घरच्या घरी, फावल्या वेळात, मूळ स्थितीच्या शक्य तितकी जवळ नेऊन पुन्हा चालती करण्याचा छंद होय. दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांत फरक आहे. दुरुस्तीचा हेतू गाडी चालावी एवढाच असतो. जीर्णोद्धारात ती कारखान्यातून बाहेर पडली तशी दिसावी व चालावी, असा आग्रह असतो. म्हणून या छंदात ‘काय बदलावे’ यापेक्षा ‘काय राखावे’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. भारतात २०२१ पासून या प्रश्नाला कायदेशीर महत्त्वही आले आहे.

संज्ञा

स्पोर्ट्स मोटार म्हणजे वजनाने हलकी, बुटकी, बहुधा दोन आसनांची आणि चालविण्याच्या आनंदासाठी घडविलेली मोटार. ब्रिटिश परंपरेत साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातील मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणतात. त्यानंतरच्या जुन्या मोटारींना ‘क्लासिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र या शब्दाची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. भारतीय नियमांत ‘व्हिंटेज’ हा शब्द अधिक व्यापक असून, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना तो लागू होतो.

महाराष्ट्र व गोव्यातील पार्श्वभूमी

मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली. संस्थानिकांच्या काही मोटारी आजही जपलेल्या आहेत. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार शाही दसऱ्याच्या सोहळ्यात पाहायला मिळते.

स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. देशात अनेक वर्षे हिंदुस्थान, प्रीमियर आणि स्टँडर्ड या तीनच कंपन्यांच्या मोटारींचे प्राबल्य होते व त्यांचा भर कौटुंबिक गाड्यांवर होता. त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स मोटारी भारतात मुळातच थोड्या आहेत. तथापि काही कौटुंबिक गाड्यांचे त्यांच्याशी जवळचे नाते आहे. मद्रास येथे १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतीय आवृत्ती होती. १९६२ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स मोटार त्याच हेराल्डच्या सांगाड्यात फेरबदल करून बनविली गेली. दोन्हींचे आरेखन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचे होते. त्यामुळे स्पिटफायरच्या मालकाला हेराल्डचे काही भाग उपयोगी पडतात. कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यात बनलेली १०८९ सीसीची फिएट अर्थात प्रीमियर पद्मिनी स्पोर्ट्स मोटार नव्हे. परंतु तिची यंत्ररचना सरळ असल्याने नवशिक्यांना हात बसविण्यासाठी ती सोयीची ठरते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातील सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरची बॉडी व रेनॉ इंजिन असलेली दोन आसनी मोटार बाजारात आणली.

जीर्णोद्धाराचे टप्पे

१. कागदपत्रे : गाडी विकत घेण्यापूर्वी चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहतात. गंज खरवडताना किंवा घासयंत्र चालविताना हे क्रमांक पुसले गेले, तर गाडीची ओळख सिद्ध करणे अत्यंत कठीण होते.

२. सुटे करणे : प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेतात, भागाला चिठ्ठी बांधतात व त्याचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात, तर फिएटला मेट्रिक मापाचे. १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एमजी टीसीच्या १२५० सीसी इंजिनात आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची आहेत. आटे न तपासता दुसरा बोल्ट बसविल्यास मूळ आटे कायमचे बिघडतात.

३. पत्रेकाम : गंजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडतात. पुट्टी भरून गंज झाकणे ही केवळ वरवरची डागडुजी होय. आत गंज वाढतच राहतो. एमजी टीसीच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो. आपल्याकडे सहज मिळणारे सागवान टिकाऊ असले, तरी ते मूळ लाकूड नव्हे. वापरल्यास तशी नोंद ठेवणे इष्ट.

४. इंजिन : सिलिंडरची झीज मोजून आवश्यक असल्यास बोअर करतात व मोठ्या मापाचे पिस्टन घालतात. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जुन्या इंजिनांत शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकींना संरक्षण मिळत असे. म्हणून त्या जागी कठीण धातूच्या बैठका बसवितात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. त्या बदलाव्या लागतात.

५. ब्रेक व वायरिंग : येथे मूळपणापेक्षा सुरक्षितता श्रेष्ठ मानली जाते. ब्रेकची रबरे, नळ्या व तेल नवे घालतात. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव चॅसीला जोडलेला असतो. हे न पाहता बॅटरी जोडल्यास विद्युत उपकरणे निकामी होऊ शकतात.

व्हिंटेज नोंदणीचे नियम

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील जुलै २०२१ च्या दुरुस्तीनुसार व्हिंटेज वाहनाची स्वतंत्र नोंदणी होते. वाहन मूळ स्वरूपात असणे आणि चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसणे ही मुख्य अट आहे. राज्याने नेमलेली समिती वाहनाची तपासणी करते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे आहे. क्रमांकपट्टीवर राज्याच्या संक्षेपानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधी नोंदणी झालेल्या वाहनास जुना क्रमांक ठेवता येतो. असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. हौसेने बसविलेले आधुनिक इंजिन गाडीला वेग देईल. पण या नोंदणीचा हक्क त्यामुळे गमावला जाऊ शकतो.

गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचा वाहन नोंदणी संकेत ‘एमएच ३५’ आहे. भातशेतीच्या या प्रदेशात पावसाळा जोरदार असतो. उघडा केलेला पत्रा दमट हवेत थोड्याच दिवसांत तांबूस होतो. म्हणून पत्रेकाम व रंगकाम हिवाळ्यात आणि इंजिनाचे बंदिस्त काम पावसाळ्यात, अशी विभागणी येथे सोयीची ठरते. लाकडी सांगाड्याला वाळवीपासूनही जपावे लागते. मुंबईचा चोर बाजार व कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. परंतु हावडा–मुंबई लोहमार्गावर असल्याने गोंदियाला थेट गाडीची सोय आहे. जिल्हा भातगिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या लेथ कारागिराकडून न मिळणारे बुश व पिनांसारखे साधे भाग मूळ नमुन्याबरहुकूम करून घेता येतात.

सुरक्षितता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. भक्कम लोखंडी स्टँड लावावेत. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी. बॅटरी चार्ज होताना ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून खोली हवेशीर असावी.