पक्षाघाताचे तोतये

एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, जीभ जड झाली, की आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ आमच्या मोहल्ल्यात त्यालाच ‘फालिज’ म्हणतात. शब्दांशी खेळणारा माणूस मी. पण इथे एक शब्द पुरत नाही. दिसणे एकच असले तरी आजार निरनिराळे असू शकतात.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. हे दोन्ही खरे पक्षाघात. पण रक्तातली साखर एकदम उतरली, फिट येऊन गेली, अर्धशिशी उठली, तरीही माणूस तसाच दिसू शकतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया अवतरला होता ना, तसे हे पक्षाघाताचे तोतये. सोंग आजाराचे असते, रुग्णाचे नव्हे.

ओळख पटवण्याची घाई कशासाठी? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. तेच वाहिनी फुटलेल्याला दिले तर जिवावर बेतते. म्हणून आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहतात, मग सीटी स्कॅन. वाहिलेले रक्त त्यात पांढरे उमटते. मात्र गुठळी ताजी असेल तर पहिल्या काही तासांत स्कॅन स्वच्छ दिसू शकतो, आणि तोतयाचाही बहुधा स्वच्छच. तिथे एमआरआयची ‘डिफ्यूजन’ तपासणी कामी येते. रक्तपुरवठा तुटलेला भाग ती बहुतेक वेळा काही मिनिटांतच उजळ दाखवते. ती सोय नसेल तर डॉक्टर लक्षणांवरून निर्णय घेतात, अडून बसत नाहीत. तोतयाला चुकून इंजेक्शन दिले तर रक्तस्रावाचा धोका थोडा. खऱ्याला उशीर केला तर नुकसान मोठे.

आता आपल्या भागाचे पाहू. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत रात्रपाळ्या चालतात. पाळी करून झोपलेला माणूस दुपारी उठताना लुळा पडला, तर डॉक्टर विचारतील, ‘शेवटचा धडधाकट कधी पाहिलात?’ घड्याळ तिथपासून मोजतात. ती वेळ कागदावर लिहून न्या. मधुमेहाच्या गोळ्या, रोजा किंवा उपास, पूर्वीची फिट, हेही सांगा. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. वाहिनी फुटलेली असली तर ती घातक. तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागतो. १०८ ला फोन करा. आणि मंडळी, पालघर असो वा बोईसर, रात्रीही सीटी स्कॅन चालू असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा. मालिश, अंगारा, ‘सकाळपर्यंत पाहू’ यांतच ते साडेचार तास निघून जातात.