परदेश नेमका कुणाचा?
मराठी मुलखातील अमेरिकन मिशनरी कुटुंबांविषयी

१८२५ साली मार्गारेट हॉल या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन मुंबई बंदरातून अमेरिकेला निघाल्या. त्यांचे पती गॉर्डन हॉल हे मुंबईतील अमेरिकन मिशनचे संस्थापक. ते कामासाठी मागे राहिले. मुलांची प्रकृती इथल्या हवेत टिकत नव्हती, ती वाचावीत एवढाच या प्रवासाचा हेतू होता. परंतु थोरला मुलगा वाटेत समुद्रावरच वारला. पुढच्या वर्षी मार्च महिन्यात नाशिककडच्या दौऱ्यावर असताना हॉल यांना पटकीने गाठले आणि वयाच्या ४१व्या वर्षी तेही गेले. ही बातमी अमेरिकेत पोचायला कित्येक महिने लागले. त्या काळात आपण विधवा झालो आहोत हे मार्गारेटबाईंना ठाऊकही नव्हते.

या हकिकतीतला एक तपशील सहज नजरेआड होतो. मार्गारेटबाई अमेरिकन नव्हत्या, इंग्रज होत्या. १८१६ साली त्यांचे हॉल यांच्याशी लग्न झाले ते मुंबईत. म्हणजे मुलांना ‘मायदेशी’ नेण्यासाठी त्या ज्या देशाकडे निघाल्या होत्या, तो त्यांचा मायदेश नव्हताच. मुलांचा जन्मही मुंबईचा. मग या तिघांपैकी परदेशी कोण चालले होते आणि घरी कोण?

मराठी वाङ्मयेतिहासात अमेरिकन मिशनऱ्यांची नोंद छापखाना, शाळा, बायबलचे भाषांतर आणि ‘ज्ञानोदय’ या संदर्भात होते. ती योग्यच आहे. पण ही माणसे इथे बिऱ्हाड करून राहिली, त्यांच्या बायकांनी इथे चुली मांडल्या, मुले इथे रांगली, या बाजूकडे आपले लक्ष कमी गेले आहे. परमुलखात रुजताना कुटुंबाचे नेमके काय होते, हे समजून घ्यायला ही घरे फार उपयोगी पडतात.

एकाच घरातली वेगवेगळी घड्याळे

परक्या संस्कृतीत गेलेल्या माणसाला बसणाऱ्या धक्क्याची रूढ मांडणी कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने केली. १९५४ साली रिओ दि जानेरो येथे त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले आणि १९६० साली ते लेखरूपाने अधिक प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते माणूस चार टप्प्यांतून जातो. आधी नव्याची नवलाई असते. मग चिडचिड आणि घरची ओढ सुरू होते. त्यानंतर माणूस हळूहळू सावरतो आणि शेवटी रुळतो. दुसऱ्या टप्प्याची त्यांनी सांगितलेली लक्षणे मोठी बोलकी आहेत. पुन्हा पुन्हा हात धुणे, पिण्याच्या पाण्याची नको इतकी काळजी, सगळे आपल्याला फसवताहेत ही भीती, आणि आपल्याच देशातल्या कुणाशी तरी बोलावे अशी तीव्र इच्छा.

ही मांडणी एकट्या प्रौढ माणसाला चांगली लागू पडते. कुटुंबाला लावताना मात्र ती अपुरी वाटू लागते, कारण घरातल्या प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते. पुरुषाला काम असते आणि कामानिमित्त भाषा येते. स्त्रीला त्याच घरात दोन देश एकत्र नांदवायचे असतात. मुलाच्या बाबतीत तर धक्क्याचा प्रश्नच उलटा होतो. ज्याने जुना देश पाहिलेलाच नाही, त्याला नव्या देशाचा धक्का कसला बसणार? त्याचा धक्का पुढे कधीतरी, ‘घरी’ परतल्यावर बसायचा असतो.

पाय ठेवायलाच जागा नाही

पहिल्या तुकडीला रुळण्याआधी राहण्यासाठीच झगडावे लागले. १८१२च्या फेब्रुवारीत अमेरिकन बोर्डाचे पाच तरुण दोन जहाजांतून कलकत्त्याकडे निघाले. त्यांतल्या तिघांच्या नवपरिणीत बायका सोबत होत्या. त्यांतले एक जहाज वाटेत असतानाच अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. आधीच मिशनऱ्यांना नाखूष असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दृष्टीने हे पाहुणे आता शत्रूच्या देशातले ठरले. त्यांना मुलूख सोडून जाण्याचा हुकूम झाला.

या तुकडीतल्या हॅरिएट न्यूवेल मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच बाळंत झाल्या. मूल काही दिवसांत गेले आणि नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसला त्या स्वतःही क्षयाने वारल्या. वय १९. ज्या कामासाठी घर सोडले, ते त्यांना एक दिवसही करता आले नाही. तरी त्यांचे चरित्र अमेरिकेत घरोघरी वाचले गेले आणि ते वाचून कितीतरी मुली परदेशी जाण्याची स्वप्ने पाहू लागल्या. पुढच्या बायका इथे आल्या त्या मरणाची शक्यता ठाऊक असूनच आल्या, हे या घरांचा विचार करताना विसरता येत नाही.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल व रोक्साना नॉट हे दांपत्य फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. इथेही हद्दपारीची टांगती तलवार होतीच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांची सहानुभूती आणि त्याच वर्षी झालेला नवा सनदी कायदा यांमुळे शेवटी त्यांना राहता आले. नॉट यांना हवा मानवली नाही आणि दोन-अडीच वर्षांत ते दांपत्य परतले. हॉल टिकले. टिकण्यासाठी त्यांनी धरलेली वाट होती मराठी भाषेची. बाजारात, देवळापाशी, घाटावर उभे राहून ते मराठीत बोलत. मराठी नवा करार छापून पूर्ण झाला तो १८२६ साली, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी.

घराच्या आत

घराबाहेर मराठी आणि घरात न्यू इंग्लंड, अशी विभागणी मिशनच्या बंगल्यांत साधारणपणे दिसते. जेवणाची वेळ, रविवारची शांतता, मुलांचे कपडे, भिंतीवरचे घड्याळ या गोष्टी शक्यतो तिकडच्यासारख्या ठेवल्या जात. वाफेची जहाजे नियमित होण्याआधी केपला वळसा घालून यायला चार-पाच महिने लागत. पत्राला उत्तर यायचे तर वर्षाचा हिशेब धरावा लागे. आईच्या पत्रातले तान्हे बाळ उत्तर येईपर्यंत चालू लागलेले असे, किंवा नसेही. १८३४ साली अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने मुंबईला आला, तेव्हा शहराला त्याचे नवल वाटले. न्यू इंग्लंडहून आलेल्या बायकांना तो बर्फ पाहून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पण घर बंद ठेवता येत नाही. आया, स्वयंपाकी, पाणक्या, माळी यांच्याबरोबर मराठी आत येतेच. बाळाच्या कानावर आयेची भाषा आईच्या भाषेइतकीच लवकर पडते. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी आईबापांना याची मोठी धास्ती वाटे. ज्या भाषेत आपण दिवसभर लोकांना उपदेश करतो, तीच भाषा आपल्या मुलांनी नोकरांकडून फार शिकू नये, अशी ही विचित्र इच्छा होती. यात गोऱ्या माणसाचा वरचढपणा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मूल आपल्या हातून निसटून दुसऱ्याच कुणाचे होईल, ही सगळीकडच्या स्थलांतरितांची भीतीही त्यात होती.

बाईमाणसाला स्वतःचे काम असेल तर ती लवकर रुळते, याचे उदाहरण म्हणजे सिंथिया फरार. त्या १८२७ साली मुंबईत आल्या. बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांत त्यांची गणना होते. मुलींच्या शाळांची देखरेख हे त्यांचे काम. मधली एक रजा सोडली तर त्या इथेच राहिल्या आणि १८६२ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, वारल्या. जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याआधी नगरला त्यांच्या शाळा पाहिल्या होत्या. नवऱ्याच्या कामाची सावली म्हणून आलेल्या बायकांपेक्षा एकट्या आलेल्या या बाईची मुळे इथे जास्त खोल गेली.

मुलांचे काय करायचे?

मिशनरी कुटुंबाचा सर्वांत अवघड प्रश्न मुले सात-आठ वर्षांची झाली की उभा राहत असे. इथे ठेवावीत तर रोगराई आणि शिक्षणाची आबाळ, तिकडे पाठवावीत तर ताटातूट. पुष्कळांनी दुसरा मार्ग पत्करला. मुले आजोळी, काका-मामांकडे, नाहीतर परक्या घरी राहत आणि आईबाप पत्रांतून वाढत. १८६०च्या दशकाच्या अखेरीस एलायझा वॉकर या तुर्कस्तानातून परतलेल्या मिशनरी विधवेने मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्नडेल येथे अशा मुलांसाठी आपल्या घराचेच वसतिगृह केले. असे वसतिगृह लागावे, यावरूनच ही अडचण किती घरांची होती हे कळते.

दुसरा उपाय डोंगरांचा. मदुरेच्या अमेरिकन मिशनमधील कुटुंबांनी आजारपणे आणि मृत्यू सोसल्यावर १८४५ साली कोडाईकनालला घरे बांधली. तिथे १९०१ साली शाळा निघाली आणि मुलांना निदान याच देशात ठेवून शिकवण्याची सोय झाली. आपल्याकडे महाबळेश्वर आणि पाचगणी यांचा आधार होता. थंड हवेची ठिकाणे आपण साहेबाची चैन म्हणून पाहतो. या घरांसाठी मात्र मूल जगवण्याचा आणि जवळ ठेवण्याचा तो एक मार्ग होता.

ह्यूम घराणे

मुंबई आणि नगरच्या ह्यूम घराण्यात या साऱ्या गोष्टी एकत्र सापडतात. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि हॅना ह्यूम १८३९ साली मुंबईत आले. १८५४ साली प्रकृती ढासळल्यामुळे अमेरिकेला परतत असताना रॉबर्ट ह्यूम समुद्रावरच वारले. हॅनाबाई मुलांना घेऊन पुढे गेल्या. त्यांतला रॉबर्ट अ‍ॅलन हा १८४७ साली मुंबईत जन्मलेला, म्हणजे तेव्हा सात वर्षांचा. तो तिकडे शिकला, येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. त्याला अमेरिकेत राहणे सहज शक्य होते. पण १८७४ साली तो परत आला आणि नगरला जवळजवळ अर्धशतक राहिला. त्याचा भाऊ एडवर्डही मुंबईला परतला.

रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांच्या दोन्ही पत्नी मराठी मुलखातल्याच मिशनरी घरांतल्या होत्या. पहिल्या अ‍ॅबी या एबेनेझर बर्जेस यांच्या कन्या. ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर करणारे आणि मराठीचे व्याकरण लिहिणारे ते हेच बर्जेस. दुसऱ्या केटी या नगर जिल्ह्यातील वडाळ्याच्या सॅम्युअल फेअरबँक यांच्या कन्या. ही सोयरीक केवळ ओळखीतून झाली असे मला वाटत नाही. अशा माणसाला समजून घेईल अशी जोडीदारीण बोस्टनमध्ये मिळणे कठीण होते. जी स्वतः दोन देशांच्या मधे वाढली असेल, तिलाच ते साधणार. पुढे ह्यूम यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला परतली आणि तिने स्त्रियांसाठी रुग्णालय चालवले. याच घराण्यातले, मुंबईत जन्मलेले रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी १९२१ साली तेरा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. आजोबा उपदेश करायला आले आणि नातू उपनिषदे घेऊन गेला!

अशा मुलांना पुढे समाजशास्त्राने नाव दिले. रूथ हिल यूसीम आणि जॉन यूसीम या दांपत्याने १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास केला आणि त्यातून ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही कल्पना निघाली. आईबापांची संस्कृती पहिली, यजमान देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधे राहणाऱ्यांनी आपसांत घडवलेली ती तिसरी. ही मुले दोन्हीकडे वावरतात, पण पुरती कुठलीच नसतात. त्यांना आपलेसे वाटते ते त्यांच्यासारख्यांतच. जगभर वापरली जाणारी ही संज्ञा भारतातल्या घरांकडे पाहून सुचली, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते.

परदेशी न जाता परदेश

इथे एक दुसरी बाजू मांडली नाही तर चित्र एकांगी होईल. मिशनरी समुद्र ओलांडून आले, पण त्यांच्या येण्याने इथल्याही काही घरांत स्थलांतर घडले. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग नगरला आल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते की नाशिक-पंढरपूर ते नगरचे मिशन हे अंतर लक्ष्मीबाईंना बोस्टन ते मुंबई यापेक्षा कमी नव्हते. कुणाच्या हातचे पाणी प्यायचे, कुणाच्या पंक्तीला बसायचे, कुणाला आपले म्हणायचे, हे सगळे त्यांना नव्याने शिकावे लागले. ओबर्ग यांनी सांगितलेली पाण्याची काळजी त्यांच्याही वाट्याला आली, फक्त तिचे कारण वेगळे होते. आणि मिशनरी बाईला निदान मागे एक माहेर शाबूत होते. लक्ष्मीबाईंसाठी परतीची वाट जवळजवळ बंद झाली होती.

आज हे कशाला आठवायचे?

कारण आता जहाज उलट्या दिशेने चालले आहे. ज्या न्यू इंग्लंडमधून हॉल आणि ह्यूम इकडे आले, तिथे आज हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यामागे धर्मप्रसाराचा हेतू नाही, राज्यकर्त्यांचा रंग नाही आणि पत्राला वर्षही लागत नाही. तरी घराच्या आतली गोष्ट तीच आहे. बाहेर इंग्रजी आणि आत मराठी, रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत मुलांना नेऊन सोडणे, आणि मूल इंग्रजीतून उत्तर देऊ लागले की छातीत होणारे धस्स. नगरच्या बंगल्यातल्या आईची भीती आणि बोस्टनजवळच्या मराठी आईची भीती या सख्ख्या बहिणी आहेत.

ह्यूम घराण्याने दाखवलेली एक गोष्ट या आईबापांना धीर देणारी आहे आणि थोडी अस्वस्थ करणारीही. मूल शेवटी कुठे रुजेल हे आईबापांनी घरात केलेल्या नियमांवर ठरत नाही. ते ज्या मातीत रांगले, ज्या भाषेत पहिल्यांदा रुसले, तिची ओढ त्याला राहते. १८५४ साली वडिलांना समुद्रात सोडून अमेरिकेला उतरलेला सात वर्षांचा मुलगा वीस वर्षांनी ‘परदेशी’ निघाला, असे त्याच्या नातलगांना वाटले असेल. मला वाटते, तो घरी चालला होता.