आवाज पोहोचतो, पण दार उघडत नाही

आमच्या चार मजली इमारतीला लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहतात. फाटकावर इंटरकॉम बसवला तो मुख्यतः त्यांच्यासाठीच. पाहुणा बटण दाबी, आजींकडे घंटी वाजे, बोलणेही स्वच्छ ऐकू येई. मात्र आजींनी दार उघडण्याचे बटण दाबले, की कुलपातून नुसते ‘टक्’ होई आणि फाटक बंदच. मग गुडघे सांभाळत चार जिने उतरणे आलेच! तळमजल्यावरून तेच कुलूप व्यवस्थित उघडे.

दुरुस्ती करणाऱ्याने दोनदा कुलूप बदलले. कुलपाच्या तारा सोडवून त्यांना मीटर लावला आणि ‘बघा, पूर्ण 12 व्होल्ट येताहेत’ असे दाखवले. ते खरेही होते. पण तारा सोडवलेल्या असताना मंडलातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, आणि प्रवाह नसेल तर तारेत विभवांतराची घटही होत नाही. कुलूप जोडून, बटण दाबलेले असताना मी मोजले, तेव्हा काटा साडेसातच्या आसपास थांबला.

असे का व्हावे? या साध्या पद्धतीत सर्व घरांना मिळून चार तारा सामाईक असतात: दोन बोलण्यासाठी, एक कुलपासाठी आणि एक परतीची. शिवाय प्रत्येक घराच्या घंटीची एक वेगळी तार. वीस बिऱ्हाडे असतील तर चोवीस तारा! एवढी जुडी नळीतून न्यायची म्हणून टेलिफोनची बारीक तार वापरतात. विजेचा पुरवठा आणि कुलूप, दोन्ही फाटकापाशीच, हाताच्या अंतरावर. पण प्रवाहाला जवळचा रस्ता मिळत नाही. त्याला चौथ्या मजल्यावरच्या बटणापर्यंत 40 मीटर जाऊन तेवढेच परत यावे लागते.

अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे 0.088 ओहम असतो. 80 मीटरला झाले 7 ओहम. कुलपातील विद्युतचुंबकाचा रोध 12 ओहम. म्हणजे प्रवाह एक अँपिअरऐवजी 12 भागिले 19, सुमारे 0.63 अँपिअर, आणि कुलपाच्या वाट्याला 7.6 व्होल्ट. शक्ती तर 12 वॅटवरून पाचाच्याही खाली येते. या कुलपाचा खटका ओढायला आठेक व्होल्ट लागत. तळमजल्याची वाट 28 मीटरची, म्हणून तेथे साडेआठ मिळत आणि काम निभावून जाई. बोलण्याचा प्रवाह काही मिलिअँपिअरच असतो. 20 मिलिअँपिअर धरले तरी घट 0.14 व्होल्ट, म्हणून आवाजाला काहीच बाधा नाही.

वर्गात हे सहज दाखवता येईल. तशाच तारेच्या 80 मीटर वेटोळ्यातून आधी 6 व्होल्ट, अर्ध्या अँपिअरचा बल्ब पेटवावा, मग 470 ओहमचा रोध जोडलेला एलईडी. बल्ब मंदावतो, एलईडीला फरक पडत नाही.

जाड तार ओढणे हा एक उपाय, पण भिंती पुन्हा फोडायला कोण तयार होणार? आम्ही चौकीत पुरवठ्याजवळ एक रिले बसवला. त्याच्या वेटोळ्याचा रोध 400 ओहम. लांबच्या तारेतून आता जेमतेम 30 मिलिअँपिअर जातात आणि घट 0.2 व्होल्टच होते. रिलेचा संपर्क जुळला की कुलपाचा मोठा प्रवाह आखूड, जाड तारेतून तेथल्या तेथे वाहतो. अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी 1835 च्या सुमारास हीच युक्ती योजली होती. लांबून आलेल्या क्षीण प्रवाहाने फक्त कळ दाबायची, जोर जवळच्या बॅटरीने लावायचा. पुढे तारायंत्र त्यावरच चालले.

कुलपाच्या वेटोळ्याला उलटा डायोड मात्र जोडलाच पाहिजे. प्रवाह तुटताना वेटोळ्यात मोठे विभवांतर निर्माण होऊन ठिणगी पडते आणि रिलेचे संपर्क जळतात.

आजी आता वरूनच फाटक उघडतात. वीज गेली की प्रवाहाने उघडणारे हे कुलूप बंदच राहते, तर प्रवाहाने धरून ठेवणारे चुंबकी कुलूप आपोआप सुटते. आपल्या इमारतीत कोणते बसते आहे, हे विचारून घ्यावे. आग लागली तर विजेवाचून बाहेर पडता यायला हवे, म्हणून आतल्या बाजूने हाताने फिरणारी मूठ आहे की नाही, ते पैसे देण्यापूर्वी स्वतः फिरवून पाहावे.