पावलांचा क्रम आणि त्याचा प्रसार

पाश्चात्त्यांच्या जोडीनृत्याविषयी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. ती अशी की, पुरुष आपल्या मर्जीप्रमाणे पावले टाकीत जातो आणि स्त्री त्याच्या अनुरोधाने चालते. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट इत्यादी बॉलरूम नृत्यांपुरती ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु इंग्लंडात त्याच लाकडी तक्तपोशीवर दुसराही एक प्रकार शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला आहे. त्यात मर्जीला वावच नाही. वाद्यवृंद सुरू झाला की सभागृहातील प्रत्येक जोडी, मग त्या दहा असोत की दोनशे, एकाच क्षणी एकच पाऊल टाकते, एकाच क्षणी वळते, आणि ठरलेला क्रम संपला की तोच पुन्हा पहिल्यापासून धरते. त्यास ते लोक 'सीक्वेन्स डान्सिंग' म्हणतात. आपण त्याला क्रमनृत्य म्हणू.

उदाहरणादाखल 'व्हेलेटा' हे नृत्य घेऊ. लीड्स येथील आर्थर मॉरिस या नृत्यशिक्षकाने ते १९०० साली बसविले आणि ते आजही नाचले जाते. तीन मात्रांचा एक खंड, असे सोळा खंड. म्हणजे एकंदर अठ्ठेचाळीस मात्रा. आपल्या हिशेबाने त्रितालाची तीन आवर्तने झाली. एवढ्या अवधीत जोडीने हातात हात घालून पुढे जावयाचे, समोरासमोर होऊन बाजूला पाऊल सरकवून जुळवावयाचे, मग एकमेकांस धरून गिरक्या घ्यावयाच्या, आणि शेवटच्या मात्रेला पुन्हा पहिल्या पवित्र्यात येऊन उभे राहावयाचे. बस्स, एवढेच. ज्याने शाळेत लेझमीचे हात केले आहेत त्याला यातील मर्म निराळे समजावून सांगावयास नको. आकडा चुकला की शेजारच्याच्या लक्षात येते, पण शेजाऱ्याकडे पाहूनच तो दुरुस्तही करता येतो.

हाच या प्रकाराचा मोठा गुण, असे आम्हांस वाटते. मुक्त बॉलरूम नृत्यात नवख्या माणसाची फजिती होते, कारण पुढचे पाऊल कोणते हे त्याचे त्यालाच सुचावे लागते. क्रमनृत्यात ते आधीच ठरलेले असते. प्रतिभेची गरज नाही, स्मरण आणि ताल एवढे पुरते. गिरणीत दिवसभर राबलेला माणूस, साठी उलटलेली गृहिणी, पाय थोडा जड असलेला कारकून, सगळे त्यात सामावतात. पण याच गुणातून एक अडचणही उभी राहते. क्रम ठाऊक नसेल तर माणूस भिंतीशी बसूनच राहणार! म्हणून या नृत्याला प्रसाराची जेवढी गरज पडली तेवढी मुक्त नृत्याला क्वचितच पडली असेल. नृत्य बसविणे ही निम्मीच कामगिरी. ते दुसऱ्या गावच्या सभागृहात तंतोतंत तसेच नाचले गेले पाहिजे, तरच ते क्रमनृत्य.

प्रसाराची पहिली वाट म्हणजे प्रात्यक्षिक. एक कसलेली जोडी मोकळ्या जागेत नाच करून दाखविते आणि मग इतरांना बोलावते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण 'लँबेथ वॉक'चे. 'मी अँड माय गर्ल' हे संगीत नाटक १९३७ च्या डिसेंबरात लंडनमध्ये रंगभूमीवर आले. त्यात लुपिनो लेन हा नट एका गाण्यावर लंडनच्या गरीब वस्तीतील ऐटबाज चाल चालून दाखवी. मेक्का या नृत्यगृहांच्या कंपनीचे चालक हाइमन यांच्या नजरेत ती भरली. स्ट्रेदम येथील लोकार्नो नृत्यगृहात अ‍ॅडेल इंग्लंड या शिक्षिका होत्या. त्यांच्याकडून हाइमन यांनी त्या चालीचे सर्वांनी मिळून करावयाचे नृत्य बसवून घेतले आणि ते आपल्या नृत्यगृहांतून दाखविले. १९३८ साल सरता सरता ते देशभर पसरले होते. लोकजीवनाचे निरीक्षण करणाऱ्या मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेने १९३९ च्या आपल्या 'ब्रिटन' या पुस्तकात त्यावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. नाटकातील नटाची एकट्याची चाल कोणालाही उचलता आली नसती. शिक्षिकेने तिचे मोजून तुकडे केले म्हणून ती हजारोंची झाली. धंदेवाल्याची दृष्टी तिकिटविक्रीवर होती हे उघडच आहे, पण त्यामुळे शिक्षिकेच्या कामाचे मोल कमी होत नाही.

दुसरी वाट शिकवणीची. तिची रीत साधी असते. आधी वाद्याविना पावले मोजून चालावयाचे, पुरुषांनी निराळे, स्त्रियांनी निराळे, मग जोडीने, मग संथ लयीत, आणि शेवटी खऱ्या लयीत. यासाठी क्रम कागदावर उतरविलेला असतो. कितव्या खंडात कोणता पाय, तोंड कोणीकडे, हात कसे धरावयाचे, असा तो मजकूर. त्यास 'स्क्रिप्ट' म्हणतात. गाण्याला जसे स्वरलेखन तसे या नाचाला स्क्रिप्ट; ती टपालाने गेली की नाच त्या गावी पोचला. रेडिओनेही या कामी मोठा हात दिला. ऐन महायुद्धात, १९४३ साली, हॅरी डेव्हिडसन यांच्या वाद्यवृंदाचा जुन्या नृत्यसंगीताचा कार्यक्रम बी.बी.सी.ने सुरू केला आणि युद्धानंतरही तो कित्येक वर्षे चालू राहिला. व्हेलेटासारख्या जुन्या नाचांना युद्धोत्तर काळात पुन्हा जो बहर आला, त्यात या कार्यक्रमाचा वाटा होता.

तिसरी वाट स्पर्धेची, आणि खरा वाद इथेच आहे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर ब्लॅकपूल नावाचे गाव आहे, कापडगिरण्यांतील कामगारांचे हवा खाण्याचे ठिकाण. तेथील विंटर गार्डन्समधील एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० च्या ईस्टरमध्ये पहिला नृत्योत्सव भरला. आज जगभर त्याचे नाव आहे ते अप्रतिम नाचणाऱ्या जोड्यांसाठी. परंतु त्या पहिल्या वर्षी स्पर्धा होती ती नवी क्रमनृत्ये शोधून काढण्याची! वॉल्ट्झ, टू-स्टेप आणि फॉक्सट्रॉट अशा तीन लयींत, रोज एक याप्रमाणे तीन दिवस तीन स्पर्धा झाल्या आणि चौथ्या दिवशी त्यांतून एक नृत्य निवडले गेले. म्हणजे बक्षीस पायांच्या कौशल्याला नव्हते, सर्वांना नाचता येईल अशा कल्पनेला होते. पुढे १९३१ पासून तेथे बॉलरूम नृत्याची ब्रिटिश अजिंक्यपदे सुरू झाली आणि उत्सवाचा झोक नाचणाऱ्यांच्या कसबाकडे वळला. टेलिव्हिजनवरही हेच घडले. १९५० साली सुरू झालेल्या 'कम डान्सिंग' या कार्यक्रमात आरंभी व्यावसायिक नर्तक प्रेक्षकांना पावले शिकवीत. १९५३ च्या सुमारास त्याची स्पर्धा झाली आणि १९९८ पर्यंत ती स्पर्धाच राहिली. शिकणारा प्रेक्षक नुसता पाहणारा झाला.

क्रमनृत्याच्या स्वतःच्या स्पर्धा मात्र टिकून राहिल्या, आणि त्यांत एक न्याय्य गोष्ट आहे. सगळ्या जोड्या एकच क्रम नाचत असल्यामुळे परीक्षकाला तुलना सोपी जाते; कोणी भपकेदार रचना करून चुका झाकू शकत नाही. नवी नृत्ये बसविण्याच्या स्पर्धांतून भरही मोठी पडली. जुन्या वळणाची, आधुनिक बॉलरूमची आणि लॅटिन वळणाची अशी आता त्यांची तीन घराणीच झाली आहेत. पण भर किती पडावी यालाही काही सुमार आहे. दरवर्षी नवे क्रम येत गेले की उत्साही मंडळी ते आठवड्याला एक याप्रमाणे शिकून घेतात, आणि महिनाभर आजारी पडलेला किंवा नव्याने येऊ पाहणारा मनुष्य मागे पडतो. एका गावच्या मंडळाची यादी दुसऱ्या गावच्या यादीशी जुळेनाशी होते. परगावी गेलेल्या जोडीला तेथील संध्याकाळी चारच नाच येत असतील, तर व्हेलेटाचा उपयोग काय झाला? शिवाय आज या मंडळांतून वयस्क लोकच अधिक दिसतात. तरुण आला तर त्याला पहिल्या दिवशी काहीतरी नाचता आले पाहिजे.

आमच्या मते मंडळांनी दहाबारा जुने क्रम कायमचे धरून ठेवावेत, आणि दर बैठकीत त्यांना निम्मा वेळ द्यावा. नव्यांपैकी वर्षाकाठी दोनतीन, तेही स्पर्धेत जिंकले म्हणून नव्हे, तर नवख्यांनी अर्ध्या तासात उचलले म्हणून घ्यावेत. नवख्या जोडीला रिंगणात एकटे सोडू नये. तिच्यापुढे एक जाणकार जोडी असावी आणि मागे एक, म्हणजे तोंड कोणीकडेही वळले तरी पाहावयास कोणीतरी समोर राहील.