चीर पुढे का धावते?

कापडाच्या दुकानात एक गोष्ट तुम्ही नक्कीच पाहिली असेल. दुकानदार कापड मोजतो, काठाला कातरीने एक लहानशी चीर देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन कापड फाडून देतो. तेच कापड चीर न देता फाडून पाहा बरे! कितीही जोर लावा, ते दाद देत नाही. मग त्या एवढ्याशा चिरेने असे काय केले? या प्रश्नाचे उत्तर मी अनेकदा फळ्यावर लिहिले होते. पण ते खरे उमगले एका जीपच्या फाटक्या छपराखाली.

आमच्या महाविद्यालयाकडे एक जुनी जीप आहे. तिचे छप्पर, म्हणजे हूड, रेक्झिनचे आहे. रेक्झिन म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड. परदेशांत ज्या मोटारींचे छप्पर दुमडून मागे टाकता येते, त्यांतही बहुधा असेच थर दिलेले कापड वापरतात. एका उन्हाळ्यात झाडाची फांदी लागून आमचे हूड चार बोटे फाटले. मी मोठ्या उत्साहाने त्यावर चौकोनी ठिगळ शिवले. मजबुती यावी म्हणून टाकेही अगदी जवळजवळ घातले. पहिल्याच पावसाळी सहलीत, ऐन घाटात, ठिगळाच्या कोपऱ्यापासून हूड पुन्हा फाटले आणि तेही हातभर! मागे बसलेले विद्यार्थी आणि आमची उपकरणे चिंब भिजली. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याची चांगलीच फजिती झाली.

चूक कुठे झाली? आधी हूडवर ताण कसा येतो ते पाहू. वेगाने जाणाऱ्या जीपचे हूड फुगलेले दिसते. वरून वाहणाऱ्या हवेचा वेग वाढतो, तसा तिचा दाब कमी होतो. आतल्या हवेचा दाब त्या मानाने जास्त राहतो. म्हणून हूड बाहेर ढकलले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाला हवेच्या गतीमुळे येणारा दाब सुमारे १६७ पास्कल असतो. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १७ किलोग्रॅम वजनाइतका. दाबातला फरक साधारण याच मापाचा असतो. धडधाकट कापड हा ताण सहज सोसते.

आता कल्पना करा, दहा माणसे एक लांब तुळई खांद्यावर नेत आहेत. मधल्या तिघांनी खांदा काढून घेतला, तर त्यांचे ओझे उरलेल्या सातांवर सारखे वाटले जाईल का? नाही. ते मुख्यतः लगतच्या दोघांवर पडेल. चिरेचेही तसेच आहे. तुटलेल्या धाग्यांचा भार चिरेच्या टोकाशी असलेल्या पहिल्या धाग्यावर येतो. तो तुटला की दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. चीर धावते ती अशी!

१९१३ साली इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने याचे गणित मांडले. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल, तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. पण ताणाला आडवे, रुंदीच्या दहापट लांब असे लंबवर्तुळाकार भोक असेल, तर टोकाशी ताण २१ पट होतो. चीर म्हणजे जवळजवळ रुंदी नसलेले भोकच. तेव्हा तिच्या टोकाशी काय होत असेल! कापड हे अखंड पत्र्यासारखे नसते, म्हणून हे आकडे त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. परंतु टोक जितके तीक्ष्ण तितका धोका जास्त, हे तत्त्व खरेच.

पुढे ग्रिफिथने १९२१ साली काचेचा अभ्यास करून दाखवले, की चीर चौपट लांब झाली तर ती पुढे जायला निम्माच ताण पुरतो. म्हणून लहान चीर दिसताच दुरुस्त करावी.

या तत्त्वाकडे दुर्लक्ष झाले तर केवळ भिजण्यावर भागत नाही. १९५४ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन जेट विमाने इटलीजवळ आकाशातच फुटली. दोन्ही विमानांतील सर्वजण मृत्युमुखी पडले. शास्त्रज्ञांनी तशाच विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा कमीजास्त केला. तेव्हा खिडक्यांसारख्या कापलेल्या भागांच्या कोपऱ्यांशी चिरा सुरू होतात, असे आढळले. पुढच्या कॉमेट विमानांच्या खिडक्या अधिक गोलाकार करण्यात आल्या.

आता आमच्या हूडकडे वळू. मी ते गाड्यांच्या कुशनचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिरांकडे नेले. त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल? चिरेच्या दोन्ही टोकांना पंचने गोल भोके पाडली!

“काका, फाटलेल्याला आणखी भोके?” मी विचारले.

“सर, टोक बोथट केल्याशिवाय चीर थांबत नाही,” ते म्हणाले. इंग्लिसचे गणित त्यांनी कधी वाचले नव्हते!

मग त्यांनी हूडचे बंद सैल केले, म्हणजे शिवताना कापडावर ताण राहू नये. ठिगळाचे कोपरे गोल कापले. ठिगळ चिरेच्या चारी बाजूंनी चांगले चार बोटे मोठे घेतले, म्हणजे भार मजबूत कापडावर पसरतो. त्याचे उभे-आडवे धागे मूळ धाग्यांशी जुळवले, म्हणजे दोन्ही सारखे ताणले जातात. ठिगळ मूळ कापडाहून जाड घेतले नाही, कारण ताठ ठिगळाच्या कडेशी कापड पुन्हा पुन्हा दुमडून झिजते. टाके मोकळे ठेवले. टपाल तिकिटांच्या पानावर जवळजवळ भोके कशासाठी असतात? सहज फाडता यावे म्हणून! माझ्या टाक्यांनी नेमके तेच केले होते. शेवटी शिवणीवर मेण घासले, म्हणजे सुईच्या भोकांतून पाणी झिरपत नाही. ते ठिगळ आजही शाबूत आहे.

करून पाहा : वर्तमानपत्राच्या, एकाच दिशेने कापलेल्या, ३ सेंटिमीटर रुंद तीन पट्ट्या घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीच्या मध्यावर काठापासून १ सेंटिमीटर सरळ चीर द्या. तिसरीला चीर थोडी कमी द्या आणि तिच्या टोकाशी पंचने असे गोल भोक पाडा, की भोकाची आतली कड काठापासून बरोबर १ सेंटिमीटरवर येईल. प्रत्येक पट्टीला रिकामी बाटली टांगून तीत हळूहळू पाणी ओता आणि पट्टी किती पाण्याला तुटते ते मोजा. बाटली अपुरी पडली तर बादली घ्या. एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढू नका; निदान पाच वेळा करून सरासरी काढा. आणि घरी रेनकोटला किंवा दप्तराला चीर पडलेली दिसली, तर ती आजच शिवा; मात्र ठिगळाचे कोपरे गोल करायला विसरू नका!