ट्रॅक्टर आखणाऱ्याने तो चालवलेला असावा का?

शेतीची अवजारे पूर्वी जिथे वापरली जात तिथेच घडत. फाळ कोणत्या रानात लवकर झिजतो, पाभरीचे फण कोणाला दाट हवेत आणि कोणाला विरळ, हे गावच्या सुतार-लोहाराला विचारायला कुठे जावे लागत नसे, कारण मोडलेले अवजार घेऊन शेतकरी त्याच्याच दारात येई. ट्रॅक्टरच्या काळात ही जवळीक संपली. आता अमेरिकेतल्या मक्याच्या रानात चालणाऱ्या यंत्राचा एखादा भाग पुण्यातल्या वातानुकूलित केंद्रात संगणकावर आखला जातो, विदर्भातल्या काळ्या जमिनीत फिरणाऱ्या ट्रॅक्टरची गिअरपेटी चेन्नईजवळ ठरते, आणि ती आखणारा अभियंता यंत्रशास्त्रात कितीही तरबेज असला तरी त्याने आयुष्यात एक तासही नांगरट केलेली असेलच असे नाही. तालुक्याच्या गॅरेजमध्ये एखादा नट काढायला अर्धे इंजिन उतरवावे लागले की ‘हे ज्यानं काढलंय त्याला एक दिवस यावर बसवा’ हा उद्गार हमखास ऐकू येतो. त्यातला राग बाजूला ठेवला तरी मागणी विचार करण्याजोगी आहे, कारण ट्रॅक्टरच्या इतिहासातला सर्वात मोठा शोध शेतात उभे राहून पाहिलेल्या गोष्टींतून निघालेला आहे.

तो शोध हॅरी फर्ग्युसन याचा. १८८४ साली आयर्लंडच्या काउंटी डाऊनमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या फर्ग्युसनला शेतातल्या ढोरमेहनतीचा तिटकारा होता, म्हणून तो घर सोडून बेलफास्टला भावाच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात गेला आणि १९०९ च्या अखेरच्या दिवशी त्याने स्वतः बांधलेले विमानही उडवून दाखवले. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाल्यावर, १९१७ मध्ये, आयर्लंडच्या शेतीखात्याने देशात असलेल्या ट्रॅक्टरांकडून अधिक काम कसे काढून घेता येईल हे पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. त्याआधीपासून तो ट्रॅक्टर विकत होता आणि ते विकण्यासाठी लोकांसमोर नांगरटीची प्रात्यक्षिके करत होता. आता विली सँड्स या आपल्या कसबी सहकाऱ्याला घेऊन तो शेतोशेत फिरला.

तेव्हाचा ट्रॅक्टर म्हणजे बैलाच्या जागी बांधलेले इंजिन होते. नांगर स्वतःच्या चाकांवर मागून ओढत नेला जाई, त्यामुळे नांगराचे वजन ट्रॅक्टरच्या कामी येत नसे. मागच्या चाकांना जमिनीत पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टरच जड करावा लागे आणि जड ट्रॅक्टर माती दडपून टाकी. याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. नांगर मातीखालच्या खडकात अडकला की मागची चाके जागीच रुततात, पण इंजिनाची ताकद थांबत नाही. चाकाला फिरता येत नसेल तर ती ताकद चाकाच्या आसाभोवती उरलेला ट्रॅक्टरच फिरवू लागते, पुढची चाके वर उचलली जातात आणि यंत्र चालकावर उलटते. त्या काळच्या हलक्या ट्रॅक्टरांवर, विशेषतः फोर्डसनवर, असे जीवघेणे अपघात झाले.

फर्ग्युसनने नांगराला ट्रॅक्टरच्या अंगाचा भाग केले. नांगर खाली दोन दांड्यांनी आणि वर एका दांड्याने, म्हणजे तीन बिंदूंवर, जोडला जातो. शेतकरी ज्याला नुसते ‘लिंकेज’ किंवा ‘लिफ्ट’ म्हणतो ती हीच रचना. नांगर खोल गेला किंवा माती कठीण लागली की वरच्या दांड्यावर पुढच्या दिशेने दाब येतो, तो दाब एक स्प्रिंग दाबतो, स्प्रिंग हायड्रोलिकची झडप हलवते आणि नांगर किंचित वर उचलला जातो. दाब कमी झाला की तो पुन्हा खाली उतरतो. चालकाने हात न लावता खोली सांभाळणाऱ्या या व्यवस्थेला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. तोच दाब ट्रॅक्टरचे पुढचे अंग खाली धरून ठेवतो, नांगराचे आणि मातीचे वजन मागच्या चाकांवर येते, आणि नांगर खडकाला धडकलाच तर उचल सुटून चाकांवरचा भार कमी होतो, म्हणजे ट्रॅक्टर उलटण्याऐवजी चाके जागीच घसरतात. १९२६ मध्ये या कल्पनेला पेटंट मिळाले, १९३६ मध्ये डेव्हिड ब्राऊनच्या कारखान्यातून तिच्यावरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, १९३८ मध्ये हेन्री फोर्डने त्याचे प्रात्यक्षिक पाहून केवळ हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ९एन हा ट्रॅक्टर बाजारात आला. आज जगातला जवळजवळ प्रत्येक शेती-ट्रॅक्टर तीन बिंदूंच्या जोडणीवरच अवजार उचलतो.

या कथेचा सोपा अर्थ असा लावला जातो की फर्ग्युसन शेतकऱ्याचा मुलगा होता म्हणून त्याला हे सुचले. तो अर्थ फारसा टिकत नाही. शेतकऱ्यांची मुले त्या वेळी आयर्लंडमध्ये गल्लोगल्ली होती आणि तीही खडकात अडकणारे नांगर चालवत होती. फर्ग्युसनचे वेगळेपण हे की त्याने अनेकांची राने, अनेक प्रकारची यंत्रे आणि त्यांचे तेच ते बिघाड थोड्या काळात पाहिले, आणि पाहिलेले यंत्रात उतरवण्याची विद्या त्याच्या व सँड्सच्या हातात होती. शिवाय १९१७ पासून १९३६ पर्यंत जवळजवळ दोन दशके ही माणसे करून पाहत, मोडत आणि पुन्हा करत राहिली, ही बाबही विसरली जाते.

उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्राच्या घरचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवणारे आणि पुढे बेळगावात सायकलींचा व्यापार करणारे गृहस्थ. त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला बराच काळ गेला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर दक्षिण महाराष्ट्रात रुजला. नांगरधारी नसलेला माणूस चांगला नांगर करू शकतो हे यातून दिसते. मात्र त्यांचा कारखाना रानाला लागून होता आणि तक्रार घेऊन येणाऱ्याला तिथे दार उघडे होते, हेही त्याबरोबर लक्षात घ्यावे लागते.

मग प्रत्यक्ष चालवण्यातून असे काय मिळते, जे तक्रारवहीतून मिळत नाही? दोन फाळांच्या पलटी नांगराने नांगरट करताना एका बाजूची चाके आधीच्या तासात आणि दुसऱ्या बाजूची न नांगरलेल्या रानावर असतात, म्हणून ट्रॅक्टर सतत एका अंगाला कललेला राहतो आणि त्याबरोबर चालकाचा कणाही. दर काही क्षणांनी मान मागे वळवून नांगर किती खोल चालला आहे, फाळात धसकट अडकले आहे का, हे पाहावे लागते. बांध जवळ आला की उजव्या हाताने लिफ्टचा दांडा ओढून नांगर उचलायचा, दुसऱ्या दांड्याने तो पलटवायचा, डाव्या पायाने क्लच दाबायचा, उजव्या पायाने एकाच बाजूच्या चाकाचा ब्रेक दाबून आखूड वळण घ्यायचे (ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचे ब्रेक स्वतंत्र ठेवलेले असतात ते यासाठीच) आणि या सगळ्यात डावा हात स्टीअरिंगवर ठेवायचा. दोनशे फूट लांब-रुंद अशा एकराच्या तुकड्यात नांगर दर फेरीला दोन फुटांची पट्टी उलटतो असे धरले तर हा सगळा प्रकार शंभरेक वेळा करावा लागतो. लिफ्टचा दांडा चार बोटे मागे असणे कागदावर काहीच नसते. शंभराव्या वळणाला तो खांद्यात दुखतो. आणि मोठ्या दुखण्यांबद्दल बोलणारा चालक अशा बारीक दुखण्याबद्दल कंपनीच्या माणसाशी सहसा बोलत नाही, कारण ती त्याच्या लेखी तक्रारच नसते, कामच तसे असते.

दुसरी गोष्ट वेळेची. महाराष्ट्रातली काळी जमीन ओली असताना फाळाला चिकटते आणि वाळली की भेगाळून दगडासारखी होते. मधल्या थोड्या दिवसांत, माती हातात घेतली असता भुसभुशीत सुटते त्या अवस्थेत, म्हणजे वाफशावर, मशागत उरकावी लागते. वाफसा आला की अख्ख्या गावाला एकाच वेळी ट्रॅक्टर हवा असतो, म्हणून भाड्याने जाणारा ट्रॅक्टर रात्रभर चालतो. अंधारात हात नेमका दांड्यावर जातो की नाही, दोन शेजारच्या दांड्यांच्या मुठी नुसत्या स्पर्शाने वेगळ्या कळतात की नाही, मागच्या दिव्याचा उजेड नांगरावर पडतो की धुरळ्यावर, हे प्रश्न दिवसा भरणाऱ्या चाचणीत उभेच राहत नाहीत. द्राक्षबागेतला चालक याहून वेगळे काही सांगेल: उभा सायलेन्सर मांडवाच्या वेलींत घुसतो.

इथपर्यंत अनुभवाची बाजू भक्कम वाटते, पण ती डोळे झाकून स्वीकारण्यात मोठा धोका आहे. मुरलेला चालक यंत्राचे दोष झाकतो. क्लच उशिरा सुटत असेल तर त्याचा पाय आपोआप लवकर हलतो, स्टीअरिंगला ढिलाई असेल तर हात ती आधीच धरून चालतो, आणि काही महिन्यांत दोष त्याच्या शरीरात मुरून दिसेनासा होतो. म्हणून वीस वर्षे ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाचे ‘यात काही खोट नाही’ हे मत डिझाइनच्या दृष्टीने फारसे भरवशाचे नसते. नवशिक्याला मात्र प्रत्येक दांडा अडतो आणि प्रत्येक पायंडल दूर वाटते. अभियंत्याने ट्रॅक्टर चालवायला शिकावे याचे खरे कारण हेच आहे की शिकण्याच्या त्या काळात त्याला जे खुपते त्याची नोंद तो करू शकतो. तो तरबेज झाला की हा फायदा संपला.

काही गोष्टी तर शरीराला कळतच नाहीत किंवा कळू देणे परवडत नाही. बहुतेक साध्या ट्रॅक्टरांना मागे स्प्रिंग नसतात, यंत्र टायरांवरच उसळते, आणि ही उसळी ज्या गतीने होते, म्हणजे सेकंदाला साधारण दोन ते पाच वेळा, ती माणसाच्या धडाला उभ्या कंपनाचा सर्वाधिक त्रास होतो त्या सेकंदाला चार ते आठ वेळांच्या पट्ट्याला जाऊन भिडते. कणा झिजायला वर्षे लागतात. एका दुपारच्या फेरफटक्यात अभियंत्याला फक्त हादरे बसतात. म्हणूनच युरोपात २००२ च्या निर्देशाने आठ तासांच्या कामासाठी कंपनाची मर्यादा आकड्यात बांधून दिली. ट्रॅक्टर मागे उलटणे हे एका सेकंदाच्या आसपास घडते, त्याचा अनुभव घेऊन शिकायची सोय नाही; चालकाभोवतीची सुरक्षा चौकट गणिताने आणि प्रयोगशाळेत दाब देऊन ठरवावी लागते, आणि स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली.

शिवाय अभियंत्याचे शरीर एकच असते. त्याला आसन सोयीचे झाले म्हणून ते बुटक्या चालकाला सोयीचे होईल असे नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरातल्या शेतमजुरांची, स्त्रियांचीही, ७९ शारीरिक मापे आणि निरनिराळ्या ताकदी मोजून २००९ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्या याच कामासाठी. गिअरचा दांडा दोन पायांच्या मधून वर येणाऱ्या रचनेत साडी नेसलेल्या बाईने बसायचे कसे, हा प्रश्न पुरुष अभियंत्याने दहा हंगाम ट्रॅक्टर चालवला तरी त्याच्या मनात येणे कठीणच. मापांच्या तक्त्यात स्त्रियांचा रकाना असेल तर तो निदान विचारावा तरी लागतो.

तेव्हा उत्तर असे की चालवण्याचा अनुभव आवश्यक आहे, पण त्याचे काम काय मोजायचे हे सुचवण्याचे आहे. मोजण्याची जागा तो घेऊ शकत नाही. या दृष्टीने शिक्षणातली दरी लक्षात घेण्यासारखी आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथे कृषी अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ट्रॅक्टर चालवणे व त्याची देखभाल हा प्रात्यक्षिकाचा विषयच असतो. यांत्रिकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तो नसतो, आणि ट्रॅक्टर कंपन्यांच्या आरेखन विभागांत हे पदवीधरही मोठ्या प्रमाणात असतात. अशा अभियंत्याला नेमणुकीच्या पहिल्या वर्षात एक उन्हाळी नांगरट आणि एक पावसाळी चिखलणी, भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाच्या हाताखाली, पगारी कामाचा भाग म्हणून पुरी करायला लावणे ही काही महागडी मागणी नाही. ज्या देशात वर्षाला लाखो ट्रॅक्टर विकले जातात, त्या देशात ती आजवर नियम म्हणून रूढ व्हायला हवी होती.

तोवर खरेदीदाराला एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात आणि त्यांचे अहवाल उपलब्ध असतात; इंजिनाची ताकद, इंधनाचा खप आणि ओढण्याची क्षमता त्यात आकड्यांनी दिलेली असते, तो अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात जे येत नाही ते पाहण्यासाठी, पैसे भरण्यापूर्वी, ट्रॅक्टर रोज चालवणारा माणूस घरातला असो वा ठेवलेला, त्यालाच सोबत न्यावे आणि शोरूमच्या फरशीवर न थांबता स्वतःच्या रानात, स्वतःचे अवजार जोडून, निदान वीस-पंचवीस वळणे घेऊ देण्याची अट घालावी.