लेखणीची ओळ आणि खिळ्याची चौकट : ‘झाप्फिनो’विषयी

हस्तलिखितात कोणतेही अक्षर एकटे नसते. मागील अक्षराने लेखणी जेथे आणून सोडली तेथून पुढचे अक्षर सुरू होते. ओळीत किती जागा उरली आहे यावर त्याचा फराटा लांबतो वा आखडतो. मुद्रणातील खिळा याच्या नेमका उलट. तो आपल्या चौकटीत स्वयंपूर्ण असतो आणि कोणत्याही शेजाऱ्याजवळ सारखाच उभा राहतो. सुलेखनाचा आभास निर्माण करणाऱ्या शोभिवंत मुद्राक्षरांपुढील मूळ प्रश्न हाच होय. जर्मन सुलेखनकार हर्मान झाप्फ (१९१८–२०१५) यांच्या ‘झाप्फिनो’ या रोमन अक्षरसंचात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

या अक्षरांचे मूळ १९४४ सालचे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैन्यात असताना झाप्फ यांनी आपल्या वहीच्या एका पानावर ही वळणे लिहिली होती. युद्धानंतर त्यांनी ‘व्हिर्तुओझा’ या धातूच्या अक्षरसंचात तशी वळणे उतरवण्याचा प्रयत्न केला. परंतु तिरप्या अक्षराची शेपटी चौकटीबाहेर काढली की ती नाजूक होते व छपाईत तुटते. फराटे आवरते घेणे भाग पडले. (रफार आणि वेलांटीचे खिळे हाताळलेल्या आपल्याकडील जुळाऱ्यांना ही अडचण नवी वाटू नये.) धातूची चौकट संगणकामुळे गळून पडली, तेव्हा कुठे १९९८ मध्ये लायनोटाईपने ‘झाप्फिनो’ प्रसिद्ध केला. त्यात एकाच अक्षराची निरनिराळी रूपे होती. त्यांतून निवड मात्र जुळणी करणाऱ्यानेच करावयाची होती. अकिरा कोबायाशी यांच्या साहाय्याने २००३ मध्ये सिद्ध झालेल्या विस्तारित आवृत्तीत शेजारचे अक्षर पाहून रूप बदलण्याचे काम अक्षरसंचाकडेच सोपवता येऊ लागले.

मराठी वाचकाला शेजारधर्माने रूप पालटणारे अक्षर अपरिचित नाही. ‘सूर्य’, ‘प्रश्न’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत ‘र’ चार रूपे घेतो. मात्र येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘झाप्फिनो’तील ‘डी’चा फराटा लहान घेतला काय अथवा मोठा, शब्द तोच राहतो, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत मात्र रूप चुकले की गुरुजनांचे स्वयंपाकी होतात. देवनागरीसाठी असा शोभिवंत संच घडवणाऱ्याला म्हणूनच दुहेरी हिशेब ठेवावा लागतो : कोणते रूपांतर अर्थाचे आणि कोणते केवळ डौलाचे. डौलाच्या भरात लांबवलेला फराटा मात्रेसारखा वा रफारासारखा भासला तर वाचनच बिघडते. रोमनमध्ये हा धोका तुलनेने थोडा.

तथापि तेथेही मर्यादा आहेतच. ‘झाप्फिनो’च्या लहान अक्षरांचे मुख्य अंग बुटके आणि वर-खाली जाणाऱ्या रेषा अतिशय दीर्घ आहेत. त्यामुळे सलग मजकुरात वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीत शिरते, आणि केवळ मोठ्या लिपीत जुळवलेला शब्द तर वाचवतच नाही. निमंत्रणपत्रिकेवरील नाव, ग्रंथाचे शीर्षक किंवा प्रकरणाचा पहिला शब्द, आणि त्याभोवती भरपूर कोरा कागद, एवढ्यापुरतीच त्याची योजना इष्ट ठरते.